सायकलचे सांधे आणि अँटी-सीझ : एका प्रश्नाचा आढावा

यंत्राच्या प्रत्येक सांध्यावर दोन परस्परविरोधी कर्तव्ये सोपविलेली असतात. यंत्र चालू आहे तोवर त्याने तसूभरही ढळता कामा नये, आणि दुरुस्तीसाठी पाना लावला जाईल त्या दिवशी त्याने विनातक्रार उकलले पाहिजे. पहिल्या कर्तव्याची चिंता सायकल जोडणारा प्रत्येक कारागीर वाहतो, कारण तेथे कसूर झाली तर स्वाराच्या जिवाशी गाठ असते. दुसऱ्याची आठवण मात्र बहुधा फार उशिरा, म्हणजे सीटचा दांडा फ्रेममध्ये रुतून बसल्यावर आणि हातोडा, छिन्नी व करवत यांखेरीज उपाय उरला नसताना होते. या दुसऱ्या कर्तव्याच्या रक्षणासाठी कारखान्यांत जे द्रव्य वापरण्याचा शिरस्ता आहे, ते अँटी-सीझ. करड्या किंवा तांबूस रंगाचे, हाताला अगर कपड्याला लागले असता सहजी न निघणारे हे मलम सायकलच्या देखभालीत कोठे लावावे, कोठे लावू नये, आणि साधे ग्रीस उपलब्ध असताना त्याचे प्रयोजन तरी काय, याविषयी जाणकारांत आजही मतैक्य नाही.

या विषयावर साधारणतः तीन पक्ष आढळतात. पहिला पक्ष म्हणतो की, जेथे जेथे धातूवर धातू येतो तेथे तेथे अँटी-सीझ लावावे. दुसरा म्हणतो की, चांगले ग्रीस वेळच्या वेळी लावणाऱ्यास या द्रव्याची गरजच पडत नाही. तिसरा असा इशारा देतो की, धातूच्या भुकटीने भरलेले हे मलम बोल्टवरील ताण बेहिशेबी वाढविते आणि प्रसंगी गंजासही हातभार लावते. तिन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्यांश आहे, आणि प्रत्येकाने आपला अंश हेच संपूर्ण सत्य मानल्यामुळे हा वाद मिटत नाही. माझ्या मते त्याचा निवाडा मलमाच्या गुणावगुणांपेक्षा सांध्याच्या प्रकृतीवरून झाला पाहिजे. वंगण लागले तरी ज्या सांध्याची पकड अबाधित राहते, आणि जो भिन्न धातूंचा असून दीर्घकाळ न उघडता राहणार आहे, तो या द्रव्याचा खरा हक्कदार. ज्याचे सारे काम केवळ घर्षणावर चालते, त्यापासून ते कटाक्षाने दूर ठेवले पाहिजे.

मुळात सांधे रुततात का, हे प्रथम पाहू. 1761 साली ब्रिटिश आरमाराने आपल्या ‘अलार्म’ नावाच्या लढाऊ जहाजाच्या तळास, लाकूड पोखरणाऱ्या समुद्रकृमींपासून संरक्षण व्हावे म्हणून, तांब्याचे पत्रे ठोकविले. दोनएक वर्षांनी तपासणी झाली तेव्हा ते पत्रे जागोजाग सुटू लागल्याचे दिसून आले, कारण त्यांना धरणारे लोखंडी खिळे तांब्याच्या सान्निध्यात झिजून गेले होते. परंतु ज्या ठिकाणी पत्र्यांच्या वेष्टनाचा तपकिरी कागद खिळा व पत्रा यांच्यामध्ये तसाच राहून गेला होता, तेथील खिळे शाबूत सापडले. व्होल्टाचा विद्युत्-घट अस्तित्वात येण्यास, म्हणजे 1800 सालास, त्या वेळी अजून चार दशकांचा अवधी होता, त्यामुळे या चमत्काराचे कारण कोणास उमगणे शक्य नव्हते; पुढे 1824 मध्ये हंफ्री डेव्ही याने जहाजांच्या तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडून तांबे वाचविण्याची युक्ती रॉयल सोसायटीपुढे मांडली तेव्हा त्यामागील तत्त्व स्पष्ट झाले. सायकलच्या सांध्यांचे बहुतेक शास्त्र या दोन दाखल्यांत बीजरूपाने सामावलेले आहे. दोन भिन्न धातू आणि त्यांना जोडणारे खारे पाणी एकत्र आले की त्यांतील अधिक क्रियाशील धातू झिजतो. दोहोंमध्ये आडपडदा राहिला तर तो वाचतो. आणि त्याहूनही क्रियाशील अशा तिसऱ्या धातूचा बळी दिला, तरीही तो वाचतो.

आपल्याकडील जुन्या काळ्या सायकलीत फ्रेम, हँडल, क्रँक आणि सीटचा दांडा ही सर्व पोलादाची असत. गंज तेथेही चढे, क्रँकची कॉटर पिन अनेकदा ठोकून काढावी लागे; परंतु एकाच जातीचे धातू एकत्र असल्यामुळे विद्युत्-रासायनिक क्षरणाचा जोर बेताचा राही, आणि रॉकेल, धीर व हातोडा या तिहींवर मिस्त्रीचे काम भागे. युरोपात 1930 च्या दशकापासून ॲल्युमिनियमच्या क्रँका प्रचारात आल्या, मागाहून दांडे, स्टेम, हब आणि अखेरीस फ्रेमही ॲल्युमिनियमच्या होऊ लागल्या, आणि पोलादाशी ॲल्युमिनियमची गाठ सायकलच्या जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या सांध्यात पडली. या जोडीत झिजतो तो ॲल्युमिनियम. पण झिजणे म्हणजे सैल होणे नव्हे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. पिलिंग व बेडवर्थ या संशोधकांनी 1923 मध्ये धातू आणि त्याचे ऑक्साइड यांच्या आकारमानांचे जे गुणोत्तर मांडले, त्यानुसार ॲल्युमिनियमचे ऑक्साइड मूळ धातूच्या सुमारे सव्वापट जागा व्यापते. पाण्याच्या संयोगाने जी पांढरी भुकटी तयार होते ती तर त्याहूनही अधिक जागा मागते. नळीत दांडा बसावा एवढीच जागा असते. तेथे ही भुकटी साठत गेली की ती पाचरीचे काम करते, आणि दोन भाग कोणत्याही बोल्टने आवळता येणार नाहीत इतके घट्ट आवळले जातात.

महाराष्ट्राच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावर या प्रक्रियेस हवामानाचे पूर्ण साहाय्य लाभते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात, आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील बाष्प शोषून स्वतःच द्रवरूप होते. मुंबईत व कोकणात पावसाळ्याचे महिने या मर्यादेच्या वरच जातात, म्हणून तेथे आडोशाला ठेवलेल्या सायकलचा सांधादेखील रात्रंदिवस खाऱ्या पाण्याच्या पातळ थरात भिजलेला राहतो. देशावरचा स्वार यातून सर्वस्वी सुटतो असेही नाही, कारण त्याच्या घामात मीठ आहेच. घरातल्या घरात स्थिर यंत्रावर सायकल चढवून व्यायाम करणाऱ्यांच्या हँडलाखाली आणि स्टेमच्या बोल्टांवर वारा नसल्याने घाम टपकत राहतो, आणि पावसाचा थेंबही न लागलेले सांधे अशा सायकलीत रुततात.

क्षरणाखेरीज आणखी दोन कारणे आहेत. जेथे दोन भाग घट्ट बसूनही भाराखाली एकमेकांवर केसाच्या अंशाइतके सरकत राहतात, तेथे पृष्ठभाग घासून त्याची कठीण धूळ सांध्यातच अडकते. पेडलच्या आसाभोवती असे घडते. दुसरे कारण टायटेनियम व स्टेनलेस पोलाद यांच्या बाबतीत उद्भवते. या धातूंचे संरक्षण त्यांच्या पृष्ठभागावरील ऑक्साइडचा जो अतिसूक्ष्म पापुद्रा करतो, तो आटे आवळताना दाबाखाली फाटतो, आतील उघडा धातू समोरच्या उघड्या धातूस चिकटतो, आणि पाणी किंवा काळ यांची वाट न पाहता, पहिल्याच आवळणीत, आटे एकमेकांत जणू वितळजोड दिल्याप्रमाणे धरून बसतात. येथे गंजाचा काहीच संबंध नसल्यामुळे गंजरोधक तेलाचाही उपयोग होत नाही. दोन पृष्ठभागांमध्ये दाबाखाली टिकून राहणारा घन पदार्थच तेथे हवा.

अँटी-सीझची रचना नेमकी याच गरजेतून झाली आहे. त्याचा एक भाग ग्रीसचा असतो आणि दुसरा अत्यंत बारीक अशा घन कणांचा: तांबे, ॲल्युमिनियम, निकेल, जस्त, ग्राफाइट, मॉलिब्डेनम डायसल्फाइड, किंवा धातुविरहित प्रकारांत कॅल्शियमची संयुगे. इंजिनाच्या धूरनळीचे बोल्ट तापून ग्रीस जळून गेले तरी हे कण मागे राहून दोन धातूंना अलग ठेवतात, आणि म्हणूनच तांब्याच्या प्रकारावर सुमारे 980 अंश सेल्सिअस, तर निकेलच्या प्रकारावर 1300 अंशांच्या आसपासचे आकडे छापलेले असतात. सायकलस्वाराने या आकड्यांनी प्रभावित होण्याचे कारण नाही. सायकलवर खरोखर तापणारी जागा म्हणजे ब्रेकची डिस्क, आणि तिला तर हे मलम शिवताही कामा नये. आपल्या उपयोगाचा गुण निराळाच आहे: पाण्याने व काळाने ग्रीस धुपले, सुकले किंवा पिळून बाहेर आले, तरी कणांचा थर जागेवर टिकतो. ‘अलार्म’ जहाजाच्या खिळ्यांना वाचविणारा कागद जे काम करीत होता, तेच काम तो थर करतो.

परंतु तो कागद विजेचा अवाहक होता, आणि तांबे किंवा ग्राफाइट वाहक आहेत, हा तिसऱ्या पक्षाचा पहिला आक्षेप. ॲल्युमिनियमच्या तुलनेत तांबे व ग्राफाइट हे दोन्ही पदार्थ क्रियाशीलतेच्या क्रमात फार दूरच्या, उदात्त टोकाला बसतात, आणि खाऱ्या पाण्यात त्यांच्या संगतीने ॲल्युमिनियम अधिक वेगाने झिजावा हे शास्त्राला धरूनच आहे. व्यवहारात प्रत्येक कण ग्रीसमध्ये गुरफटलेला असतो आणि पाण्याला आत शिरकाव मिळत नाही, तोवर हा धोका सुप्त राहतो. ग्रीस धुपून गेल्यावर मात्र तो जागा होतो. म्हणून पुण्यासारख्या समुद्रापासून दूरच्या गावी, वर्षाकाठी एकदा सांधा उघडणाऱ्याने तांब्याचे मलम वापरल्यास काळजीचे कारण नाही; रत्नागिरीच्या किंवा पणजीच्या सायकलस्वाराने ॲल्युमिनियमच्या सांध्यासाठी जस्ताचे, ॲल्युमिनियमचे किंवा धातुविरहित मलम पसंत करावे. जस्ताच्या पसंतीस डेव्हीचा आधार आहे: प्रसंग आलाच तर ॲल्युमिनियमच्या आधी झिजण्याचे काम ते अंगावर घेते. शिडाच्या नौकांच्या ॲल्युमिनियम डोलकाठ्यांत स्टेनलेसचे स्क्रू बसविणारे कारागीरही दोन धातूंमध्ये असाच क्षरणरोधक लेप दिल्यावाचून काम पुढे नेत नाहीत.

दुसरा आक्षेप टॉर्कचा, आणि तो अधिक गंभीर आहे. पाना फिरविण्यासाठी आपण जे बल खर्चितो, त्यातील सुमारे निम्मे बोल्टच्या डोक्याखालील घर्षणात व उरलेल्यातील बरेचसे आट्यांतील घर्षणात जाते. जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्याच्या खऱ्या कामी येतो. घर्षण थोडे जरी कमी झाले, तरी तेवढ्याच टॉर्कला ताण पुष्कळ वाढतो. उदाहरणार्थ, 5 मिलिमीटर व्यासाच्या बोल्टवर 5 न्यूटन-मीटर टॉर्क दिला आणि टॉर्क व ताण यांची सांगड घालणारा, कोरड्या पोलादासाठी धरला जाणारा 0.20 हा गुणांक घेतला, तर बोल्टमधील ताण 5000 न्यूटन येतो. अँटी-सीझ लावून तोच गुणांक 0.15 वर उतरला, तर ताण सुमारे 6700 न्यूटन, म्हणजे एक-तृतीयांशाने अधिक होतो. स्टेमचे हँडल धरणारे नाजूक बोल्ट, किंवा पातळ भिंतीच्या दांड्यावरील पट्टी, यांना ही वाढ मानवेलच असे नाही. तथापि यावरून अँटी-सीझ निषिद्ध ठरत नाही. फक्त हिशेब चोख ठेवण्याची जबाबदारी येते. कारखान्याने दिलेला आकडा वंगणयुक्त आट्यांसाठी असेल तर तो तसाच पाळावा, सायकलच्या पुष्कळ भागांबाबत तो तसाच असतो; कोरड्या आट्यांसाठी असल्याचे सांगितले असेल तर तो पाव हिश्श्याने घटवावा; आणि बोल्टवर कारखान्यातूनच निळा किंवा रंगीत लेप आला असेल तर वरून काहीही लावू नये. टॉर्क पाना हाताशी नसणाऱ्याने, मलम लावल्यावर बोल्ट नेहमीपेक्षा सहज फिरतो म्हणून आणखी एक वेढा देण्याचा मोह टाळावा.

आता प्रत्यक्ष सांध्यांकडे वळू. सर्वांत प्रथम हक्क आहे तो धातूच्या फ्रेममधील धातूच्या सीट-दांड्याचा. पोलादी किंवा टायटेनियमच्या नळीत ॲल्युमिनियमचा दांडा, संपर्काचे क्षेत्र मोठे, मागच्या चाकाने उडविलेले पाणी थेट फटीवर, आणि उंची एकदा जमली की वर्षानुवर्षे न हलविण्याची प्रवृत्ती, इतकी प्रतिकूलता अन्य कोणत्याही सांध्याच्या वाट्यास येत नाही. येथे पट्टीची पकड वंगणाला पुरून उरते, म्हणून दांडा घसरण्याची भीती बहुतांशी निराधार आहे. लेप केवळ दांड्याला न देता नळीच्या आतील बाजूसही द्यावा, कारण दांडा आत सरकताना त्यावरील मलम कडेवर निपटून निघते. जुन्या धर्तीच्या हँडलाचा, म्हणजे फोर्कच्या नळीत उतरून आतील पाचरीने धरणारा, ॲल्युमिनियमचा स्टेम हा याच जातीचा सांधा. त्यावर घाम वरून टपकतो, आणि तो रुतला तर फोर्कही हातचा जातो.

दुसरा मान पेडलचा. पेडलचा पोलादी आस ॲल्युमिनियमच्या क्रँकमध्ये शिरतो, आट्यांचा व्यास 9/16 इंच आणि इंचामागे 20 आटे. डाव्या पेडलचे आटे उलट दिशेचे असतात, ते पेडल चालविताना उद्भवणाऱ्या सूक्ष्म परिभ्रमणाने सांधा सैल होऊ नये म्हणून. वंगण लावल्यास पेडल सुटून पडेल ही समजूत पुष्कळांची असते, परंतु सांधा टिकवितो तो आसाचा खांदा आणि 35 ते 40 न्यूटन-मीटरचा टॉर्क; कोरडेपणाचा त्यात वाटा नाही. उलट कोरडे पेडल आवळताना अर्धे बल घासण्यातच जाऊन खांदा पुरता टेकत नाही, आणि मागाहून काढताना क्रँकचे आटेच पेडलबरोबर बाहेर येतात. फ्रीव्हीलची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे: आट्यांवर चढविलेले पोलादी फ्रीव्हील स्वाराच्या प्रत्येक दाबानिशी ॲल्युमिनियमच्या हबवर अधिकाधिक घट्ट होत जाते, चढावर उभे राहून मारलेला प्रत्येक पाय त्यात भर घालतो. तेथे वंगण न लावणे ही काटकसर पुढे हबच्या किमतीस पडते.

तिसरा सांधा बॉटम ब्रॅकेटचा, म्हणजे क्रँकचा आस पेलणाऱ्या वाट्यांचा. इंग्रजी पद्धतीत उजव्या बाजूची वाटी उलट आट्यांची असते, त्यामुळे तीही चालण्याने सुटत नाही. तिच्यावर व फ्रेमच्या आट्यांवर मलमाचा भरपूर लेप असावा, विशेषतः फ्रेम पोलादी वा टायटेनियमची आणि वाट्या ॲल्युमिनियमच्या असताना. इटालियन पद्धतीत दोन्ही बाजूंचे आटे सुलट असल्याने उजवी वाटी सैल होण्याकडे कल ठेवते, म्हणून तेथे काही अनुभवी कारागीर मलमाऐवजी आटे-बंधक द्रव वापरतात, आणि ते योग्य आहे. टायटेनियमच्या बोल्टांविषयी मतभेदास जागाच नाही: टायटेनियम जेथे जेथे आट्यांनी जुळते तेथे अँटी-सीझ अपरिहार्य आहे, आणि साधे ग्रीस येथे खरोखर अपुरे पडते, कारण दाबाखाली ते पिळून निघते आणि धातू उघडा पडतो. याशिवाय पाण्याच्या बाटलीचा पिंजरा, कॅरियर व मडगार्ड यांचे लहानसे स्टेनलेस बोल्ट ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये बसविलेल्या नटांत रुतले, तर बोल्टबरोबर नटही फिरू लागतो आणि पाच मिनिटांचे काम दिवसावर जाते. त्यांना मलमाचा ठिपका देणे हे अल्प खर्चात मोठे संरक्षण आहे.

एका सांध्याविषयी मात्र जुना आणि खरा मतभेद आहे: चौकोनी निमुळत्या आसावर बसणारी क्रँक. कित्येक उत्पादकांची सूचना ती कोरडी व स्वच्छ बसवावी अशी, कारण वंगणामुळे क्रँक आसावर हवी त्याहून वर चढून तडकेल असे त्यांस भय वाटते. उलट ‘द बायसिकल व्हील’ या 1981 सालच्या ग्रंथाचे कर्ते जोब्स्ट ब्रांट यांनी असे प्रतिपादन केले की, भाराखाली या सांध्यात सूक्ष्म हालचाल होतेच, कोरड्या पृष्ठभागांवर ती घासून खराब होते, आणि वंगण लावून ठरल्या टॉर्कने बसविलेली क्रँक अधिक विश्वसनीय पकड देते. क्रँक फुटण्याचे खापर त्यांनी, बसवून झाल्यावर बोल्ट पुनःपुन्हा आवळत राहण्याच्या सवयीवर फोडले. तर्काच्या दृष्टीने ब्रांट यांची बाजू मला वरचढ वाटते. परंतु उत्पादकाने कोरड्या सांध्याचा टॉर्क दिला असताना त्याच आकड्याने वंगण लावून आवळणे हे दोन्ही पक्षांस अमान्य होईल असे कृत्य आहे. म्हणून येथे ज्याची सूचना पाळावयाची त्याची ती संपूर्ण पाळावी, आणि बोल्टच्या आट्यांना व डोक्याखाली वंगण मात्र दोन्ही मतांनुसार द्यावे.

निषिद्ध स्थानांची यादी छोटी, पण कडक आहे. कार्बनचा दांडा, कार्बनचे हँडल किंवा कार्बनची फ्रेम यांच्या पकडीला अँटी-सीझ लावू नये. कार्बन हा ग्राफाइटचाच आप्त, त्याच्या संगतीत ॲल्युमिनियम झिजतो हे खरे, आणि आरंभीच्या काही फ्रेममध्ये कार्बनच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या जोडांत चिकटविल्यामुळे जोड निखळल्याचा इतिहासही आहे, ज्यावर पुढे मध्ये काचतंतूंचा थर देऊन उपाय झाला. परंतु कार्बनचा भाग कमी टॉर्कवर, केवळ घर्षणाने धरावा लागतो, म्हणून तेथे बारीक कण मिसळलेले, घर्षण वाढविणारे खास मलम योजतात. ब्रेकची डिस्क, ब्रेकचे पॅड आणि रिमचे ब्रेक-पृष्ठ यांच्या जवळपास अँटी-सीझची बोटेही जाऊ देऊ नयेत. डिस्क व कॅलिपर धरणाऱ्या बोल्टांना आटे-बंधकच हवे, कारण तेथे सुटणे हा रुतण्यापेक्षा अनंतपटीने मोठा अनर्थ होय. बेअरिंगमध्ये आणि साखळीत हे मलम घालणे म्हणजे फिरत्या पृष्ठभागांत घन कण सोडणे. अँटी-सीझ स्थिर सांध्यांसाठी आहे, चालत्या भागांसाठी नव्हे.

राहता राहिला दुसऱ्या पक्षाचा मुद्दा, की ग्रीस पुरेसे आहे. टायटेनियम वगळता, आणि सांधा वर्षाकाठी किमान एकदा उघडला जात असेल तर, हा मुद्दा मान्य केला पाहिजे. जलरोधक ग्रीस हाही आडपडदाच आहे. त्याचा दोष एवढाच की तो पडदा अधिक लवकर विरतो. नियमित देखभाल करणाऱ्याच्या घरी दोन डब्यांऐवजी एकच डबा असला तरी अडणार नाही. परंतु आपल्याकडील बहुसंख्य सायकली वर्षातून एकदाही उघडल्या जात नाहीत. त्या रोज धावतात, पावसात भिजतात, आणि काही मोडेपर्यंत त्यांना पाना लागत नाही. अशा सायकलींसाठीच अँटी-सीझचे मोल अधिक आहे, आणि नेमक्या त्याच सायकलींवर ते क्वचित लागते. जोडणीच्या वेळी दुकानदाराने सीटचा दांडा, पेडल आणि वाट्या यांना बोटभर मलम दिले, तर पुढच्या मालकाची व पुढच्या मिस्त्रीची केवढी तरी यातायात वाचेल.

लावण्याची रीत साधी आहे, पण तीत टाळाटाळ चालत नाही. सांधा प्रथम रॉकेलने किंवा अन्य द्रावकाने धुऊन, तारेच्या ब्रशने जुना गंज व पांढरी भुकटी काढून, पूर्ण कोरडा करावा. ओलाव्यावर लेप दिला तर पाणी आतच कोंडले जाते. लेप पातळ पण अखंड असावा, आट्यांच्या तळापर्यंत पोहोचावा, आणि बाहेर आलेले मलम लगेच पुसावे, नाहीतर त्यावर धूळ बसते. हातमोजे घालावेत: डाग जाता जात नाही हे गौण, पण निकेलयुक्त मलमाने कित्येकांच्या त्वचेला विकार जडतो, आणि निकेलची धूळ श्वासावाटे जाणे हे तर निश्चित अपायकारक आहे. या कारणासाठी घरगुती सायकलकामात निकेलच्या प्रकाराची मुळीच आवश्यकता नाही.

ज्यांचा सांधा आधीच रुतला आहे त्यांच्यासाठी अँटी-सीझ निरुपयोगी आहे, पण सुटकेच्या उपायांबद्दल एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. रुतलेला भाग तापवावा, असे सर्रास सांगितले जाते. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो. तेव्हा पोलादी नळीत ॲल्युमिनियमचा दांडा असताना दोन्ही भाग मिळून तापविले तर सांधा अधिकच आवळतो, आणि दोन्ही थंड केले तर सैल होतो. 27.2 मिलिमीटरच्या दांड्यात पन्नास अंशांच्या फरकाने मिळणारी मोकळीक मिलिमीटरच्या दीड-शतांश भागाइतकीच असते. तरी आत झिरपणारे तेल, एक-दोन दिवसांची प्रतीक्षा आणि दांडा व्हाइसमध्ये धरून फ्रेमच फिरविण्याची तरफ यांच्या जोडीला ती पुष्कळदा निर्णायक ठरते. कॉस्टिक सोड्याने ॲल्युमिनियम विरघळतो हे खरे, पण त्यात प्रखर उष्णता व ज्वालाग्राही हायड्रोजन वायू उत्पन्न होतो आणि डोळे-त्वचेस गंभीर इजा संभवते. हा उपाय घरी करू नये.

तात्पर्य, टायटेनियमसाठी अँटी-सीझ अनिवार्य आहे. धातूच्या फ्रेममधील सीटचा दांडा व स्टेम, पेडल, फ्रीव्हील आणि बॉटम ब्रॅकेट यांच्यासाठी ते उत्तम, आणि क्वचित उघडल्या जाणाऱ्या सायकलीत ग्रीसहून निश्चित श्रेष्ठ आहे. कार्बन, ब्रेक, बेअरिंग व आटे-बंधकाचे बोल्ट यांना ते वर्ज्य आहे. आणि जेथे लावाल तेथे टॉर्कचा हिशेब नव्याने करणे बंधनकारक आहे. खंडेनवमीला सायकल धुऊन तिला हार घालण्याची आपली वहिवाट आहे. वाचकांस माझी विनंती एवढीच की, त्या दिवशी हार घालण्यापूर्वी सीटचा दांडा व दोन्ही पेडल एकदा उघडून, पुसून, लेप देऊन पुन्हा बसवावीत, आणि मृगाचा पाऊस लागण्याआधी तेच काम आणखी एकदा करावे.